पदरावरचे रान

साडीच्या खरेदीत माझा उपयोग पिशवी धरण्यापुरताच होतो, हे आधीच कबूल केलेले बरे. गेली वीस वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवतो आहे. ‘पदर’ या शब्दाचे पाच-सहा अर्थ सांगून मी तासभर वर्ग झुलवत ठेवू शकतो. पण कुठल्या साडीला कुठला पदर शोभतो, हे विचारलेत तर आमच्या सौभाग्यवती माझ्याकडे ज्या नजरेने पाहतात, तीच नजर तुम्हालाही वापरावी लागेल. असे असूनही गेल्या वर्षी भाद्रपदात मी एका साडीसाठी थेट आरे कॉलनीच्या रानात जाऊन आलो. एकदा नव्हे, तीनदा.

झाले असे की, माझ्या पुतणीचे लग्न माघात ठरले. मुलगी बँकेत नोकरी करते, स्वतःचे मत आहे. “काकू, तुम्ही मला पैठणी देऊ नका. पैठण्या दोन आल्याच आहेत. मला वारली चित्रांची साडी हवी, आणि तीही लग्नाच्या चौकाची,” असे तिने आपल्या काकूला बजावले. काकूंनी दादरची सहा दुकाने पालथी घातली. वारली चित्रांच्या साड्या तर ढिगाने होत्या; पण सगळीकडे तीच डोक्यावर हंडा घेतलेली बाई, तोच ढोल वाजवणारा बुवा. हे लोक रांगेने उभे, जणू रेशनच्या दुकानाशी. शेवटी माझ्या वर्गातला एक विद्यार्थी उपयोगी पडला. तो आरेतल्या एका पाड्यावरचा. “सर, माझी आत्या काढते चित्रं. कपड्यांवर पण काढते. तुम्ही या की,” तो म्हणाला. मग ती त्याची आत्या आमचीही आत्याच झाली. या लेखातही तिला मी आत्याच म्हणणार आहे. वयाने ती माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी असेल.

आरे म्हटले की माझ्या पिढीच्या मुंबईकरांना शाळेची सहल आठवते. छोटा काश्मीरमधली होडी, पुरी-भाजीचे डबे आणि परतताना ‘एनर्जी’ दुधाची गार बाटली. माझ्या वडिलांना आठवे ते दूध केंद्र आणि पहाटेची रांग. त्यापलीकडे आरेविषयी आम्हा शहरवासीयांना काय ठाऊक होते? मुंबईतले म्हशींचे गोठे शहराबाहेर न्यावेत, लोकांना स्वच्छ दूध मिळावे, म्हणून १९४९ साली ही वसाहत उभी राहिली. दारा खुरोडी हे तिच्यामागचे कर्ते पुरुष. पुढे १९६३ साली वर्गीज कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्या बरोबरीने त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तीन हजार एकरांहून अधिक जमीन, तीसेक तबेले, हजारो म्हशी, आखीव रस्ते आणि त्यांच्या कडेला गुलमोहर. पंडित नेहरू १९५१ साली इथे येऊन गेले. हे सगळे सहलीत बाई सांगत. पण म्हशी येण्याच्या कितीतरी आधीपासून इथे माणसे राहत होती, त्यांचे पाडे होते, शेती होती, देव होते, हे कुणी सांगितल्याचे मला आठवत नाही. आजही आरेत सत्तावीस पाडे मोजतात. त्यांत वारली आहेत, कोकणा आहेत, मल्हार कोळी आहेत. सहलीची आमची बस त्यांच्यामधूनच गेली असणार. आम्ही ‘भेंड्या’ लावत होतो.

या खेपेला मी दादरहून भुयारी मेट्रोने गेलो. थंडगार डबा, माणसांना बसायला जागा. पाऊण तासाच्या आत ‘आरे जेव्हीएलआर’ स्थानक. सोय मोठी आहे, खोटे कशाला बोला! पण या गाडीत बसताना जीव थोडा संकोचतो. याच मेट्रोच्या कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये, उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्याच्या त्याच रात्री, आरेत करवती चालल्या. सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती येईपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडे आडवी झाली होती. त्यानंतर २०२० साली आठशे एकरांच्या आसपास जमीन राखीव वन म्हणून जाहीर झाली. कारशेड दुसरीकडे नेण्याचे ठरले आणि २०२२ साली पुन्हा आरेतच आले. आज या गाड्या रात्री विसाव्याला जातात, त्या तिथेच. मी तिकीट काढले, बसलो आणि वर्तमानपत्र उघडले. तुम्हीही तेच केले असते.

विद्यार्थी रिक्षा घेऊन उभा होता. मुख्य रस्ता सोडला आणि दहा मिनिटांत मुंबई मागे पडली. गवत पुरुषभर उंच, ओढ्याला पाणी, मधूनच एखाद्या तबेल्याचा वास, आणि मग पुन्हा ओल्या मातीचा. ताडाची झाडे एकटीदुकटी उभी. पाड्याच्या तोंडाशी शेंदूर लावलेला एक दगड होता. “वाघोबा,” विद्यार्थी म्हणाला आणि चालता चालता त्याने हात जोडले. आरेत बिबटे आहेत हे आपण वर्तमानपत्रात वाचतो, ते बहुधा घाबरण्यासाठी. इथे मात्र त्यांच्याशी पिढ्यान् पिढ्यांचे नाते आहे. आश्विन वद्य द्वादशीला आपण शहरात वसुबारस म्हणून गायवासराची पूजा करतो ना, त्याच दिवशी इथे वाघबारस असते. ज्या रानात सरकारने गाईम्हशी आणून ठेवल्या, त्या रानाच्या मूळच्या लोकांची दिवाळी वाघापासून सुरू होते. मला हे ऐकून फार मौज वाटली. म्हशींना वाटली नसावी.

आत्याचे घर आता विटांचे आहे, वर पत्रा. “पहिलं कुडाचं होतं,” ती म्हणाली. कारवीच्या काठ्या उभ्या रोवायच्या, बांधायच्या, त्यांवर शेणमाती लिंपायची, की झाला कूड. ही कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. २०२४ च्या पावसाळ्यात शेजारच्या राष्ट्रीय उद्यानात ती फुलली, तेव्हा जांभळा डोंगर पाहायला आम्हीही गेलो होतो. तीच कारवी भिंतीत असते, भिंतीवर गेरू, आणि गेरूवर तांदळाच्या पिठाचे पांढरे चित्र. म्हणजे रानाचीच भिंत, आणि तिच्यावर रानच! आता विटांच्या भिंतीला आत्याने मुद्दाम गेरू लावून घेतला आहे. “पांढऱ्या भिंतीवर हात चालत नाही,” म्हणाली.

तिने चहा केला आणि मग खाटेवर कागद पसरले. एका कापड दुकानाने तिला बारा नक्ष्या सांगितल्या होत्या. साड्या, कुडते, ओढण्या असा दिवाळीचा नवा माल काढायचा होता. विषय ‘आरेचे रान’. मी एकेक कागद पाहत गेलो. पहिल्यावर ताड आणि त्याच्या अंगाखांद्यावर मुंग्यांची रांग. दुसऱ्यावर ओढ्यातले खेकडे. तिसऱ्यावर पाऊस. नुसत्या तिरप्या रेघा, पण प्रत्येक रेघ तुटक, आणि खाली एक कोंबडी पिलांना पंखाखाली घेऊन बसलेली. चौथ्यावर विंचू! आरेतल्या एका विंचवाच्या जातीला शास्त्रज्ञांनी आरेचेच नाव दिले आहे. ‘लायकस आरेएन्सिस’ म्हणतात त्याला. मी हे पुस्तकी ज्ञान आत्याला सांगितले. “त्याला नाव पण दिलं? चावतो तसाच ना?” तिने विचारले.

विंचू अंगावर कोण वागवणार, अशी शंका मी काढली. ती मी घरी येऊन बोललो असतो तर बरे झाले असते, कारण आमच्या घरी मला लगेच उत्तर मिळाले. सौभाग्यवतींनी कपाटातून त्यांच्या आईची इरकल काढली आणि काठ पुढे केला. “याला काय म्हणतात ठाऊक आहे? गोमी काठ.” गोम! माझ्या सासूबाई आयुष्यभर गोम अंगाभोवती गुंडाळून हळदीकुंकवाला जात होत्या आणि मी मराठीचा प्राध्यापक असून मला पत्ता नव्हता. मग ओघाने बाकीचेही निघाले. पैठणीवरचा मुनिया पोपट, बांगडी मोर, नारळी काठ, अजिंठ्याचे कमळ. आपल्या आज्या-पणज्यांनी बाग, पाखरे, किडामुंगी सगळे अंगावर घेतले होते. फक्त ते विणकराच्या हातून आल्यामुळे आपल्याला ते ‘डिझाइन’ वाटत आले. तिकडे इंग्लंडात विल्यम मॉरिसने १८८३ साली कापडाची एक नक्षी केली, ती आजही छापली जाते. तिच्यात काय आहे? त्याच्या बागेतल्या स्ट्रॉबेऱ्या चोरणारे पक्षी! माळी चिडले असतील, मॉरिसने त्यांचे कापड केले.

पण आत्याची अडचण वेगळी होती, आणि ती मला आधी कळलीच नाही. दुकानाने तिचे चार कागद परत पाठवले होते. वर पेन्सिलीने शेरा: ‘रिपीट बसत नाही.’

कापडावर छपाई करताना नक्षीचा एक ठराविक तुकडा असतो. त्याचा साचा करतात आणि तो पुन:पुन्हा उमटवत जातात. एका तुकड्याची उजवी कड दुसऱ्याच्या डाव्या कडेला बिनचूक जुळली पाहिजे, वरची खालच्याला. साडेपाच-सहा वार कापड भरायचे म्हणजे हे हवेच. हाताने काढायला बसले तर साडी परवडायची कुणाला? हे सगळे विद्यार्थ्याने आत्याला समजावले होते. आत्याला ते समजतही होते. ती म्हणाली, “मला सांगा सर, ही पाणी आणणारी बाई एकदा गेली. मग वीतभरावर परत तीच कशी येते? हंडा रिकामा केला नाही, घरी गेली नाही, आणि लगेच परत?”

मी हसलो. ती हसली नाही.

“आणि तारपा बघा.” तिने एक कागद पुढे ओढला. मधे तारपा वाजवणारा, भोपळ्याचे वाद्य फुगलेले, आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांचा वेढा. आपण त्याला वर्तुळ म्हणतो. ते वर्तुळ नाही. गोगलगाईच्या शंखासारखा तो उलगडत जातो. शेवटच्या माणसाचा एक हात मोकळा असतो. “इथं नवीन माणूस येऊन धरतो. साचेवाल्याने काय केलं, साच्यात बसत नाही म्हणून हे टोक त्या टोकाला जोडून टाकलं. आता कुणी यायचं असलं तर कुठून येणार?”

मी वर्गात वर्षानुवर्षे लोककलेवर बोललो आहे. ‘समूहभावना’, ‘प्रतीकात्मकता’ असले जाडजूड शब्द मी फळ्यावर लिहिलेले आहेत. तो मोकळा हात मला कधी दिसला नव्हता.

जिव्या सोमा मशे यांचे नाव आत्या अगदी घरच्या वडीलधाऱ्याचे घ्यावे तसे घेते. डहाणूजवळच्या गंजाडचे मशे. मुळात ही चित्रे बायकांची. लग्नात सवाशिणींनी चौक लिहायचा, धवलेरीने गाणी म्हणायची आणि देवाला बोलवायचे. चौक लिहिल्याशिवाय लग्न नाही. पुरुषांनी त्यात पडायचे नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार कागद आणि रंग घेऊन त्या भागात पोहोचले, आणि त्यांना मशे सापडले. मशे लग्नाची वाट न पाहता, मनाला वाटेल तेव्हा, वाटेल ते काढत. त्यांच्या चित्रांनी पुढे जग पाहिले. १९८९ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात ती लागली. २०११ साली मशे यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण मानांकन कागदावर असते आणि साचे गल्लीबोळांत. आत्याचीच एक हकीकत. काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका व्यापाऱ्याने ‘नमुना दाखवायला’ म्हणून तिचे सात कागद नेले. पैसे आले नाहीत, कागदही आले नाहीत. वर्षभराने ती नात्यातल्या एका लग्नाला गेली, तर करवलीच्या ओढणीवर तिची कोंबडी! “पिलं पाच काढली होती मी. त्यांनी चारच छापली,” आत्या म्हणाली. तिचा राग पैशांवर होता की पाचव्या पिलावर, हे मला सांगता येणार नाही.

मग आमच्या साडीचा विषय निघाला. मी पुतणीची फर्माईश सांगितली: पदरावर लग्नाचा चौक, मधे देवी पालघट, शेजारी घोड्यावरचा पंचशिऱ्या देव. पैशांचेही बोललो, जरा सढळपणेच बोललो. आत्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “नाही सर. चौक नाही काढणार.”

मला वाटले, किंमत कमी वाटली असेल. तसे नव्हते.

“चौक भिंतीवर असतो. देवीला बोलवायची, तिच्यासमोर लग्न लावायचं. ती साडीवर कशी? साडी धुवायची, पिळायची, दोरीवर टाकायची. पदराला मुलगी हात पुसणार. जेवताना सांडणार.”

“पण दुकानात तर मिळतात चौकाच्या साड्या,” मी म्हणालो. हे बोलणे मला शोभले नाही, पण बोलून गेलो.

“मिळतात. काढणारे काढतात, त्यांचं त्यांच्याजवळ. कागदावर मी पण काढते. भिंतीला लावला, बघितला, ठीक. नेसायला नाही.” मग मला ओशाळे झालेले पाहून तीच म्हणाली, “मुलीला सांगा, आत्या तिला रान देते. रान धुतलं तर चालतं. दर पावसाळ्यात धुऊनच निघतं.”

घरी हे सांगितले तेव्हा पुतणी हिरमुसली. तिचे म्हणणेही अगदीच खोटे नव्हते. “काका, मी तर श्रद्धेनेच मागत होते ना?” फोनवर तिचा आवाज ओला झाला. आमच्या सौभाग्यवती मात्र काही क्षण गप्प राहिल्या. नंतर म्हणाल्या, “आपल्या देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा आपण टेबलपोशावर छापून घेऊ का ग?” त्यावर पलीकडून उत्तर आले नाही. दोन दिवसांनी निरोप आला: रान चालेल.

दुसऱ्या खेपेला आम्ही दोघे गेलो, साडी घेऊन. गेरूच्या रंगाची टसर. रंग दुकानात ठरवताना सौभाग्यवतींनी मला बाहेर उभे केले होते. आत्याने ती साडी खाटेवर ताणली, चारी बाजूंनी टाचण्या लावल्या. हल्ली पिठाऐवजी पांढरा ॲक्रिलिक रंग वापरतात, कापडावर टिकतो म्हणून. ब्रश बारीक, पण जुन्या सवयीने तिने बांबूची काडीही टोक चावून, मऊ करून जवळ ठेवली होती. पेन्सिल नाही, पट्टी नाही. एक त्रिकोण उलटा, एक सुलटा, टोकाला टोक लावलेले. माणूस उभा राहिला. डोक्याचा ठिपका, चार रेघा, आणि तो चालायलाही लागला! सौभाग्यवती तिच्या शेजारी जमिनीवर बसून राहिल्या. दोघी हळू आवाजात सासर-माहेराचे बोलत होत्या. मी बाहेर अंगणात बसून कोंबड्या मोजल्या.

मधेच काही विचारायला आत गेलो, तेव्हा ती काठाजवळ झाडे काढत होती. एकापुढे एक, प्रत्येक वेगळे. “हा ऐन. हा पळस. ही सावर,” ती सांगत गेली. पुढे एक झाड आले, फांद्या पसरलेले, त्याच्यावर पाखरांची गर्दी. “आणि हे?” मी विचारले.

“हे नाही आता. शेडमध्ये गेलं.”

ब्रश थांबला नाही. पुढची चार-पाच झाडेही तिथलीच होती. ती तिने न विचारता सांगितली. त्यांतल्या एकावर लहानपणी ती चढत असे, एकाखाली तिच्या आईची भाजीची पाटी टेकलेली असे. “सगळी नाही आठवत. आठवतात तेवढी काढते,” म्हणाली. मला त्या सकाळचा मेट्रोचा थंडगार डबा आठवला. परत जातानाही आम्ही त्यातूनच गेलो. दुसरे काय करणार होतो? सौभाग्यवती वाटेत म्हणाल्या, “तिला हे सांगायला नको होतं आपण कशाने आलो ते.” तिला ते ठाऊकच होते. तिचा भाचाही कॉलेजला त्याच गाडीने येतो.

दुकानाच्या त्या बारा नक्ष्यांचे काय झाले, हे वाचक विचारतील. आठ छापल्या गेल्या. तारप्याचा वाद मिटला तो विद्यार्थ्याच्या डोक्यामुळे. तारप्याचा वेढा त्याने साच्यातून काढून पदरावर घ्यायला लावला. पदर एकदाच येतो, तिथे पुन्हा जुळवायचे काही नसते. तेव्हा शेवटच्या माणसाचा हात मोकळा राहिला. अंगभर मात्र पाऊस घेतला. पाऊस कितीही वेळा आला तरी तक्रार कुणाची? विंचू नापास झाला. मला त्याचे वाईट वाटले. सासूबाई असत्या तर त्यांनी ते कापड घेतले असते.

आमची साडी मार्गशीर्षात झाली. तिसऱ्या खेपेला मी ती आणायला गेलो. घरी आणून दिवाणखान्यात पसरली, शेजारच्या चार बायका जमल्या, पुतणीही आली. काठाने झाडे, त्यांखाली मुंग्यांची रांग पाच वार चाललेली, कुठेही तीच मुंगी दुसऱ्यांदा नाही. पदरावर तारपा. कोंबडीची पिले पुतणीने मोजली; पाच होती. एवढे सगळे पाहून झाल्यावर आमच्या सौभाग्यवतींच्या लक्षात आले, की आत्याने कबूल केलेला वाघोबा कुठेच दिसत नाही. त्यांनी काठ पाहिला, पदर पाहिला, खांद्यावर येणारा भाग पाहिला. शेवटी मी फोन लावला.

“आहे ना,” आत्या पलीकडून म्हणाली. “निऱ्यांत आहे. नेसली की दिसायचा नाही. तो दिसतो का कधी?”

लग्नाच्या दिवशी पुतणी आतल्या खोलीत साडी नेसत होती आणि तिची काकू निऱ्या घालून देत होती. बाहेर भटजी घाई करत होते. दाराआडून मला एवढेच ऐकू आले: “थांब ग, सरळ उभी राहा. हा बघ, सापडला. तिसऱ्या निरीत बसलाय.”